सल्लागार आणि पहारेकरी



उंटावरच्या शहाण्याची गोष्ट आपणां सर्वांना ठाऊक आहे. रेडकाचे तोंड रांजणात अडकले, घरची माणसे हवालदिल झाली, तेव्हा उंटावर बसून एक शहाणा आला. उंटावरून उतरायला तो तयार नव्हता, म्हणून आधी वाड्याची भिंत पाडावी लागली. आत आल्यावर त्याने सल्ला दिला, रेडकाची मान कापा. मान कापली, तरी मुंडके रांजणातच राहिले. मग म्हणाला, आता रांजण फोडा. रेडकू गेले, रांजण गेला, भिंत गेली, आणि शहाणा पुढच्या गावाला गेला. आमच्या धंद्यात, म्हणजे कामगार संघटनेच्या कामात, असे शहाणे आम्ही पुष्कळ पाहिले. कारखाना तोट्यात आला की बाहेरून सल्लागार येतात, चार दिवस राहतात, इतकी माणसे कमी करा असे लिहून देतात आणि बिल पाठवतात. त्यामुळे 'सल्लागार' हा शब्द ऐकला की आमच्या कपाळाला आपोआप आठी पडते, हे आधीच सांगून टाकतो.

असे असूनही आज आम्ही सल्लागारांविषयीच बोलणार आहोत. पण उंटावरून उतरलेल्या सल्लागारांविषयी. परक्या देशातून आलेला, वर्ष-दोन वर्षे इथेच राहिलेला, ज्याला सरकारी भाषेत 'निवासी तांत्रिक सल्लागार' म्हणतात असा माणूस रोगाच्या लढाईत नेमके काय करतो, हा आजचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधायला आपल्या देशातून देवी हा रोग कसा गेला, त्या इतिहासाइतके चांगले ठिकाण नाही. या सभागृहात बसलेल्या ज्येष्ठ मंडळींच्या हातावर देवी काढल्याचे व्रण आहेत, आमच्याही हातावर आहेत. तरुणांच्या हातावर ते नाहीत. एवढा मोठा इतिहास कातडीवर लिहून ठेवलेला दुसरा सापडणार नाही.

प्रथम हा हुद्दा समजून घेऊ. जागतिक आरोग्य संघटना १९४८ साली स्थापन झाली. तिच्यापाशी फौज नाही, आणि कोणत्याही देशावर हुकूम चालवण्याचा अधिकारही नाही. सरकारने मागणी केली तर ती माणूस पाठवते. तो माणूस त्या देशात राहतो, पगार त्याला संघटना देते, पण तो इथल्या शिपायालासुद्धा आज्ञा करू शकत नाही. सही जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याची, जबाबदारी सरकारची, आणि सल्ला याचा. कागदावर पाहिले तर याहून निरुपयोगी हुद्दा शोधून सापडायचा नाही. आमच्या कारखान्यात असा कुणी नेमला असता तर मुकादमाने त्याला पहिल्याच दिवशी चहा आणायला पाठवले असते.

आंतरराष्ट्रीय संघटना नव्हत्या तेव्हाही परके जाणकार आपल्याकडे येऊन राहत. त्यांतला सर्वांत मोठा माणूस आपल्या परळच्या दाराशी होऊन गेला. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीला प्लेग निघाला. तो ओळखला डॉक्टर अकॅसियो व्हिएगस या गोव्याच्या माणसाने. ऑक्टोबरात ओडेसाचा वाल्डेमार हाफकिन मुंबईस आला. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याला एक खोली, एक कारकून आणि तीन शिपाई मिळाले. एवढ्या सामग्रीवर त्याने प्लेगची लस तयार केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्या तीन शिपायांची नावे आम्हांला कुठल्याही पुस्तकात आढळली नाहीत; हे लक्षात असू द्या, कारण अशी गाळलेली नावे आज पुन्हा भेटणार आहेत. पुढे १९०२ साली पंजाबात मुलकोवाल नावाच्या खेड्यात एकशेसात जणांना लस टोचली, त्यांतले एकोणीस धनुर्वाताने मेले. दोष हाफकिनच्या प्रयोगशाळेवर आला आणि त्याला काम सोडावे लागले. वास्तविक बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. १९०७ साली तो निर्दोष ठरला. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्याचे नाव दिले. परक्या माणसाला यशात वाटेकरी पुष्कळ असतात, अपयशात मात्र तो एकटा असतो. त्याच्या मागे ना जात, ना गाव, ना युनियन.

आता देवीकडे वळू. १९५८ साली जागतिक आरोग्य परिषदेत सोव्हिएत रशियाच्या व्हिक्टर झ्दानोव्ह यांनी सूचना मांडली, की हा रोग साऱ्या पृथ्वीवरून नाहीसा करावा. भारत सरकारने १९६२ साली राष्ट्रीय मोहीम सुरू केली. विचार सरळ होता, की सर्वांना देवी काढा, म्हणजे रोगाला घरच उरणार नाही. लस रशियातून आली, आपल्याकडे बेळगाव, गिंडी, हैदराबाद, पटवाडांगर इथे तयार झाली. कोट्यवधी लोकांना टोचले. कागदावर पाहिले तर कित्येक जिल्ह्यांत शेकडा नव्वदांच्या वर काम झालेले. आणि तरीही देवी येतच राहिल्या.

असे का झाले? मंडळी, ज्याने कारखान्यातला अपघातांचा रजिस्टर पाहिला आहे त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. आम्ही पाहिलेल्या एका कारखान्यात त्या रजिस्टरची पाने वर्षभर कोरी होती, आणि त्याच वर्षी पट्ट्यात सापडून बोटे गेलेली तीन माणसे आमच्याकडे नुकसानभरपाईचा अर्ज लिहून घ्यायला आली होती. अपघात नोंदला की सुपरवायझरला जाब द्यावा लागतो, म्हणून अपघात नोंदला जात नाही. देवीचेही तसेच होते. देवी काढणाऱ्याला आकडा भरून द्यायचा असे, म्हणून तो शाळेत जाई. तिथे मुले रांगेत आयती उभी असत, त्यांना तो पुन्हा पुन्हा टोची. झोपडपट्टीतला भटका मजूर, कामावर गेलेली बाई, गावाबाहेरची वस्ती हे राहून जात, आणि देवी नेमक्या तिथेच टिकून राहत. त्यातून एखाद्या अधिकाऱ्याने माझ्या तालुक्यात देवी निघाल्या असे खरे लिहिले, तर वरून विचारणा येई, की मग नव्वद टक्के काम झाल्याचे तूच कळवलेस ते कसे? खरे बोलणाऱ्याच्या वाट्याला बदली, न बोलणाऱ्याला बढती. रोग जंतूंमुळे पसरत होता हे खरे, पण तो टिकून होता या व्यवस्थेमुळे.

परक्या सल्लागाराची गरज कुठे होती ते आता ध्यानात येईल. लस आपल्यापाशी होती, डॉक्टर होते, रोगाचे ज्ञान होते. रोगाचे ज्ञान म्हणाल तर हा देश शतकानुशतके शीतलादेवीची पूजा करून तो रोग ओळखत आला होता. आपल्यापाशी नव्हता तो एक माणूस, ज्याला बदलीचे भय नाही.

१९६७ पासून जिनिव्हाहून ही मोहीम डी. ए. हेंडरसन नावाचे अमेरिकन डॉक्टर चालवीत. दिल्लीच्या प्रादेशिक कचेरीत देवीविभागाच्या प्रमुख डॉक्टर निकोल ग्रासे या विषाणुशास्त्रज्ञ बाई होत्या. त्यांच्याबरोबर चेकोस्लोव्हाकियाचे झ्देनेक येझेक होते, आणि १९७३ साली अमेरिकेचे विल्यम फीगी येऊन मिळाले. भारत सरकारच्या बाजूने डॉक्टर एम. आय. डी. शर्मा, महेंद्र सिंग, सी. के. राव, आर. एन. बसू ही मंडळी होती. फीगींपाशी एक निराळी युक्ती होती. ती त्यांना १९६६ च्या डिसेंबरात पूर्व नायजेरियात ओगोजा इथे सुचली, आणि सुचली तीही अडचणीतून. लस पुरेशी नव्हती. सगळ्यांना टोचणे अशक्य, तेव्हा जिथे रोगी सापडेल तिथेच त्याच्या भोवतालच्या माणसांना टोचायचे. रोगाभोवती माणसांचे कुंपण घालायचे आणि रोग आतल्या आत विझू द्यायचा. हे फीगी चांगले साडेसहा फूट उंच होते. नायजेरियात एका गावच्या प्रमुखाने जगातला सर्वांत उंच माणूस पाहायला या अशी दवंडी पिटली, आणि सारा गाव जमला तेव्हा टोचून घेतले, असे ते स्वतःच सांगत.

कुंपण घालायचे तर आधी रोगी सापडायला हवा. म्हणून १९७३ च्या शरद ऋतूत ठरले, की दवाखान्यातून येणाऱ्या कागदावर विसंबायचे नाही, माणसे पाठवून गावोगाव विचारायचे. हातात देवी आलेल्या मुलाचे चित्र असलेले एक कार्ड. ते दाखवायचे आणि पोरांना, चहावाल्याला, पाणवठ्यावरच्या बायांना विचारायचे, असा कुणी पाहिलात का? पहिला शोध ऑक्टोबरात झाला. उत्तर प्रदेश आणि बिहार या दोन राज्यांत मिळून जवळजवळ दहा हजार नवे रोगी निघाले. इतके कुणी कल्पिले नव्हते. त्याआधी आठवड्याला काहीशे कळवले जात. रोग एका रात्रीत वाढला नव्हता, तो झाकून ठेवलेला होता आणि आता उघडा पडला.

ही वेळ परक्या माणसाच्या कसोटीची. आकडा फुगला की राजधानीत ओरड होते, मोहीम फसली, साहेब बदला. इथल्या अधिकाऱ्याने तो आकडा वर नेला असता तर त्याची गय झाली नसती. सल्लागाराने नेला, आणि वर हेही सांगितले, की हा आकडा अपयशाचा नाही, पहिल्यांदाच खरे मोजल्याचा आहे. ज्याने आकडा लपवला त्याला विचारा, ज्याने दाखवला त्याला शाबासकी द्या. पुढे तर रोगी दाखवील त्याला बक्षीस ठेवले, आधी पन्नास रुपये, मग शंभर, शेवटी हजार. जिथे बातमीला शिक्षा होती तिथे बातमीला मोल आले. आमच्या मते साऱ्या मोहिमेतला सर्वांत क्रांतिकारक बदल हाच, आणि त्यात शास्त्र थोडे, माणसाची पारख जास्त.

मोहीम भरात असताना तीसेक देशांतून आलेले दोनशेहून अधिक सल्लागार भारतात येऊन गेले. रशियन होते, अमेरिकन होते. बाहेर या दोन देशांचे शीतयुद्ध चालू होते, आणि बिहारात त्यांची माणसे एकाच वहीत रोग्यांची नोंद करीत होती. प्रत्येकाच्या वाट्याला एखादा जिल्हा. दिमतीला एक जीप, एक ड्रायव्हर, एक मदतनीस, शिवाय थोडी रोख रक्कम. महिन्यातून एकदा पाटण्याला किंवा लखनौला सगळ्यांची बैठक. जिल्ह्यात भारतीय डॉक्टर आणि परका डॉक्टर खांद्याला खांदा लावून काम करीत. दिवसभर धुळीतून फिरायचे, कानावर आलेली प्रत्येक अफवा वहीत लिहायची आणि खरी की खोटी ते प्रत्यक्ष जाऊन पाहायचे. पुष्कळदा ती कांजिण्यांची निघे. साठसत्तर वेळा खोटी निघालेली अफवा एकाहत्तराव्या वेळी जाऊन पाहण्याचा जो कंटाळा, त्यावर मात करणे हे त्यांचे खरे काम होते.

त्या रोख रकमेविषयी आम्हांला थोडे जास्त बोलायचे आहे. रोगी सापडला की त्याच्या घराला पहारा बसे. आतला माणूस बाहेर जाऊ नये आणि न टोचलेला आत येऊ नये, म्हणून दिवसरात्र पाळीपाळीने पहारेकरी. हे पहारेकरी कोण? त्याच गावातली रोजंदारीची माणसे. घराघरातल्या माणसांची यादी करणारे, दोन टोकांच्या सुईने पंधरा टोचे मारून देवी काढणारे, यांतलेही पुष्कळ त्याच रीतीने घेतलेले. ती सुई मोठी सोपी. तासाभरात शिकता येई आणि लस थेंबाहूनही कमी लागे. आधीच्या फिरत्या लॅन्सेटने जखम मोठी होई, मुले किंचाळत. सुई सुधारली हे शास्त्रज्ञांचे श्रेय, आणि ते द्यायलाच हवे. पण सरकारी खात्यातून रोजंदारीचे पैसे मंजूर होऊन यायला किती दिवस लागतात हे तुम्ही जाणता. देवी तितके दिवस थांबत नाहीत. आज पहारा बसला नाही तर परवा रोग शेजारच्या गावात. सल्लागाराच्या खिशातल्या पैशातून त्या माणसाला मजुरी वेळेवर मिळे, आणि म्हणून तो दारात उभा राही. रोगी भिक्षेकरी किंवा हातावर पोट असलेला असेल, तर त्याला घरात राहा म्हणायचे म्हणजे त्याच्या चुलीची सोय पाहणे आले. अनेक ठिकाणी तीही पाहिली गेली. मजुरी वेळेवर दिली तर माणूस काम चोख करतो, हा सिद्धांत शोधायला आम्हांला जिनिव्हाला जावे लागले नसते; पण तो एका सरकारी मोहिमेत अमलात आला तो परक्याच्या खिशातून, ही नोंद कामगार चळवळीच्या माणसाने करायलाच हवी.

टाटानगरची हकिकत याच संदर्भात सांगण्यासारखी आहे. जमशेदपूर हे पोलादाचे शहर, चहूकडच्या खेड्यांतून तिथे मजूर येतात. १९७४ च्या पहिल्या महिन्यांत तिथल्या वस्त्यांतून देवी पसरल्या, आणि वेळेवर बातमी वर गेली नाही. आजारी पडलेला मजूर काय करतो? गावाकडची गाडी धरतो. मुंबईचा गिरणी कामगार १८९७ च्या प्लेगात कोकणात पळाला तो याच कारणाने. त्या हिवाळ्यात जवळजवळ अर्धी मुंबई रिकामी झाली होती. शहराने कामाला बोलावलेले असते, आजारपणाला बोलावलेले नसते. टाटानगरच्या स्टेशनातून निघालेल्या गाड्यांनी बिहार, ओरिसा, बंगालकडे रोग नेला. त्या एका शहरातून सुमारे तीनशे ठिकाणी साथीची ठिणगी पडली असे पुढे मोजले गेले. लॅरी ब्रिलियंट नावाचा तरुण अमेरिकन डॉक्टर तिथे होता. त्याच्या आणि इतरांच्या खटपटीने पोलाद कंपनीने डॉक्टर, गाड्या, माणसे दिली आणि दक्षिण बिहारात काम उभे राहिले. कंपनीला त्याचे श्रेय मिळाले आणि ते योग्यही आहे. आम्ही एवढेच म्हणतो, की गाडीत बसलेला तो तापाने फणफणलेला माणूस रोगाचा प्रसारक म्हणून पुस्तकात आला. त्याला आजारपणाची भरपगारी रजा होती की नाही, हा प्रश्न कुणी विचारलेला आम्ही वाचला नाही.

१९७४ चा मे महिना तर कठीण होता. एकट्या बिहारात दर आठवड्याला हजारो नवे रोगी. जयप्रकाशजींचे आंदोलन पेटलेले, आणि ८ मेपासून रेल्वे कामगारांचा संप. मोहिमेच्या इतिहासकारांनी उन्हाळा, पूर, पेट्रोलटंचाई यांच्या रांगेत रेल्वे संपालाही बसवले आहे, अडथळा म्हणून. आमच्या यादीत तो दुसऱ्या रकान्यात आहे. एकाच महिन्यात एकाच देशात लोक दोन निरनिराळ्या गोष्टींसाठी जिवावर उदार झाले होते, आणि एकीचा इतिहास लिहिणाऱ्याला दुसरी आड येते, हे चालायचेच.

त्याच सुमाराची एक बैठक फीगींनी आपल्या आठवणींत सांगितली आहे. राज्याचे आरोग्यमंत्री त्रासले होते. आकडे रोज वाढत होते, विधानसभेत उत्तर द्यायचे होते. ते म्हणाले, हे कुंपणाचे प्रयोग पुरे, पुन्हा सर्वांना टोचायला लागा. परक्यांची सारी विद्वत्ता तिथे संपली. ते हुकूम देऊ शकत नव्हते, हट्टही धरू शकत नव्हते. तेव्हा मागच्या रांगेतून एक तरुण भारतीय डॉक्टर उठला. तो म्हणाला, मी खेड्यातला माणूस. आमच्या गावात एका घराला आग लागली तर पाणी त्या घरावर ओततात, साऱ्या गावावर नाही. मंत्र्यांनी आणखी एक महिना दिला. त्या महिन्यात आकडे उतरू लागले.

ही हकिकत आम्हांला फार मोलाची वाटते. परक्या सल्लागाराची योजना वाचली ती परक्याच्या युक्तिवादाने वाचली नाही. ज्याला मंत्र्यासमोर उभे राहण्यात सर्वांत जास्त धोका होता, अशा माणसाच्या एका वाक्याने ती वाचली. आणि त्या माणसाचे नाव? फीगींच्या पुस्तकामुळे ते वाक्य जगभर गेले, बोलणारा मात्र 'एक तरुण डॉक्टर' म्हणूनच राहिला.

आता दुसरी बाजू. ती न सांगितली तर हा इतिहास आरती होईल. दक्षिण बिहारात हो आदिवासींच्या एका वस्तीत रोगी होते, आणि एका प्रमुख कुटुंबाने देवी काढून घ्यायला नकार दिला. देवाच्या इच्छेपुढे वाकणे हा आमचा धर्म, असे त्यांचे म्हणणे. मोहिमेचे पथक मध्यरात्री पोलीस घेऊन आले, दार मोडून आत शिरले, नवराबायकोला धरून ठेवले आणि टोचले. ही हकिकत कुणा विरोधकाने रचलेली नाही. त्या पथकात असलेल्या ब्रिलियंट यांनीच ती पुढे लिहिली, आणि ते स्वस्थ मनाने लिहू शकले नाहीत हे वाचताना जाणवते. झटापट संपल्यावर घरधन्याने बाहेरच्या वेलावरची काकडी तोडून आणली आणि पथकापुढे धरली. त्याचे म्हणणे असे, की आम्ही आमच्या धर्मासाठी झगडलो, इतक्या जणांपुढे हरलो तर त्यात पाप नाही. तुम्ही तुमच्या धर्माप्रमाणे वागलात. भांडण झाले ते झाले, आता तुम्ही घरी आलेले पाहुणे.

वैद्यकशास्त्राने पाहिले तर त्या रात्री जे केले त्याने जीव वाचले असतील. देवीच्या थोर प्रकारात शंभरांतले वीस-तीस मरत, आणि उरलेल्यांत कित्येक आंधळे होत. त्या वर्षी, म्हणजे १९७४ मध्ये, देशात १ लाख ८८ हजार रोगी नोंदले गेले, ३१ हजारांहून अधिक मेले. एवढे मरण समोर असताना दार मोडणाऱ्याला दोष देणे सोपे नाही, आणि या सभागृहात पंख्याखाली बसून तर मुळीच नाही. तरीही आम्ही दोष देतो. हुकूम न देण्याच्या अटीवर जो पाहुणा घरात आला, त्याने पोलिसाच्या खांद्यावरून हात पुढे केला, की तो सल्लागार राहत नाही. चूक झाली तर त्याला कोर्टात कोण खेचणार? निवडणुकीत कोण पाडणार? तीन महिन्यांनी त्याचे विमान असते. ज्या मोकळेपणामुळे तो मंत्र्याला खरे सांगू शकला, तोच मोकळेपणा त्या झोपडीच्या दारात भयंकर ठरला. ही एकाच नाण्याची गोष्ट आहे, आणि हे नाणे कसे वाजवून घ्यावे याचा नियम तेव्हा कुणी केला नव्हता. शिवाय हेही ध्यानात घ्या, की दार मोडले गेले ते आदिवासीचे. शहरातल्या बंगल्याचे दार मध्यरात्री मोडून टोचल्याची हकिकत आमच्या वाचनात नाही.

पुढचा इतिहास भराभर संपतो. एक लाखाहून अधिक माणसे कामाला लागली, दहा कोटींहून अधिक घरे पुन्हा पुन्हा पाहिली गेली. भारतातला स्थानिक देवीचा शेवटचा रोगी १९७५ च्या मे महिन्यात बिहारच्या कटिहार जिल्ह्यात सापडला. त्याच महिन्यात आसामात करीमगंजच्या रेल्वे स्थानकावर बांगलादेशातून आलेली एक निराधार बाई आजारी आढळली, ती बरी झाली. १५ ऑगस्ट १९७५ रोजी दिल्लीत समारंभ झाला. आणीबाणी लागून तेव्हा पन्नास दिवस झाले होते. १९७७ च्या एप्रिलमध्ये आंतरराष्ट्रीय आयोगाने भारत देवीमुक्त असल्याचे प्रमाणपत्र दिले, १९८० साली साऱ्या जगाला मिळाले. सल्लागार आपापल्या देशी गेले.

परका गेल्यावर मागे काय उरते, हा खरा हिशेब असतो. देवीच्या बाबतीत रोगच उरला नाही, म्हणून हिशेब निघाला नाही. हिवतापाचा मात्र निघाला. १९५३ साली अमेरिकन मदतीने, डीडीटीच्या फवाऱ्याने हिवतापाची मोहीम सुरू झाली. तेव्हा वर्षाला साडेसात कोटी रोगी आणि आठ लाख मृत्यू असा अंदाज होता. १९६५ पर्यंत रोगी एक लाखावर आले. जिंकलो असे समजून माणसे आणि पैसा आवरता घेतला, डासांना डीडीटी पचू लागले, आणि १९७६ साली रोगी चौसष्ट लाखांवर गेले. देवीचा विजयोत्सव झाला त्याच्या पुढच्याच वर्षी! दोन्ही मोहिमांत सल्लागार होते. पण देवी एकदा गेल्या की गेल्या; डास दर पावसाळ्यात येतो. त्याला दर पावसाळ्यात कामावर असणारा, महिन्याच्या एक तारखेला पगार घेणारा माणूस लागतो. तो सल्ल्याने मिळत नाही.

हे आपल्याकडे काही प्रमाणात ओळखले गेले. १९९७ साली पोलिओच्या शोधासाठी सरकार आणि जागतिक संघटना यांचा संयुक्त प्रकल्प उभा राहिला, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत फिरणारे वैद्यकीय अधिकारी बहुतेक भारतीयच होते. पद्धत मात्र देवीच्या वेळचीच होती: गाडी हाताशी, बातमी दाबायची नाही, थेट वर पोचवायची. भारतातला पोलिओचा शेवटचा रोगी १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात नोंदला गेला. परका निघून गेला तरी त्याची जागा टिकली, तीवर आपला माणूस बसला. निवासी सल्लागाराचे यश आम्ही यात मानतो.

आणि दारातला पहारेकरी? देवीच्या निर्मूलनाचा जागतिक संघटनेने प्रसिद्ध केलेला अधिकृत इतिहास १९८८ साली निघाला. जवळजवळ दीड हजार पानांचा तो ग्रंथ आहे. लेखक पाच: एक ऑस्ट्रेलियन, एक अमेरिकन, एक जपानी, एक चेक, एक रशियन. सर्वांत मोठी लढाई ज्या देशात झाली त्यातला एकही नाही. भारताविषयीच्या स्वतंत्र पुस्तकात डॉक्टर बसू आहेत, हे सांगितले पाहिजे. पण बसूसुद्धा अधिकारीच. रोजंदारीवरचा माणूस मजुरी मिळाली की हजेरीपटावरून उतरतो, आणि इतिहासातूनही.

त्याची मुलगी आज आशा झाली आहे असे आम्ही म्हटले तर ते अलंकारिक होईल, पण फारसे खोटे नव्हे. २००५ साली सुरू झालेल्या ग्रामीण आरोग्य अभियानातून गावोगाव आशा नेमल्या गेल्या. कोविडच्या काळात घरोघर जाऊन ताप मोजणाऱ्या, याद्या करणाऱ्या, शिव्या आणि क्वचित दगड खाणाऱ्या त्याच. २०२१ च्या जूनमध्ये महाराष्ट्रातल्या आशा संपावर गेल्या. पुढच्याच वर्षी, २०२२ च्या मे महिन्यात, जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या साऱ्या आशांना नेतृत्वाचा जागतिक पुरस्कार जाहीर केला. त्या दिवशीही कागदोपत्री त्या 'स्वयंसेविका' होत्या. पगार नव्हे, मानधन आणि कामागणिक मोबदला घेणाऱ्या. पुरस्काराची बातमी आली त्या संध्याकाळी आमच्या युनियनच्या कचेरीत काही आशा बसल्या होत्या. त्यांनी बातमी वाचून घेतली, एकमेकींचे अभिनंदन केले, आणि मग थकलेल्या मानधनाचा अर्ज पुरा करायला घेतला. त्यात किती महिन्यांचे लिहायचे यावर थोडा वाद झाला.